विदर्भातल्या ग्रामीण भागात डॉक्टर टिकावेत म्हणून जिल्हा रुग्णालयांत पीजीच्या (एमबीबीएसनंतरच्या तज्ज्ञ शिक्षणाच्या) नव्या जागांवर पैसा घालणं योग्य आहे का?

हो, योग्य आहे. नुसत्या एमबीबीएसच्या जागा वाढवण्यापेक्षा जास्त. 2024 मध्ये अमरावती, गडचिरोली, भंडारा, बुलढाणा, वाशीम इथे सरकारी मेडिकल कॉलेजं आली, पण गावाकडे खरा खड्डा तज्ज्ञांचा आहे. मेळघाटातल्या धारणीसारख्या ठिकाणी सिझरला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त एकाच वेळी लागतं. टेबल तयार, दिवे लागलेले, पण भूल देणारं कुणी नसलं की बाई रात्री 108 मध्ये घाट ओलांडत अमरावतीला. पीजीचा निवासी डॉक्टर तीन वर्षं वॉर्डातच असतो, रात्रीही, आणि त्याला शिकवायला वरिष्ठ नेमावेच लागतात. म्हणजे एका खर्चात दोन्ही. कॉलेज नसलेल्या रुग्णालयातही हे जमतं: डीएनबी (रुग्णालयातच शिकून मिळणारी तज्ज्ञाची पदवी) आहे, आणि एमबीबीएसनंतरचे दोन वर्षांचे डिप्लोमा 2020 पासून आहेत, त्यात भूल, स्त्रीरोग, बालरोग आणि फॅमिली मेडिसिनही येतं. कॉलेजातल्या पीजीच्या विद्यार्थ्यांची जिल्हा रुग्णालयातली तीन महिन्यांची सक्तीची पोस्टिंग (डीआरपी) मात्र यात धरू नका. माणूस वाटा ओळखीच्या होईपर्यंत परत जातो.

अट एकच, पण मोठी. ग्रामीण भागातून आलेली आणि तिथेच शिकलेली मुलं तिथे टिकण्याची शक्यता जास्त, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. म्हणून स्थानिक मुलांना वाटा, वेळेवर विद्यावेतन आणि न गळणारं क्वार्टर हवं. नाहीतर कोर्स संपला की नागपूर-पुणे ठरलेलं.