नवतप्याची सवय इथं कामाची नाही
भाऊ, तू विचारलं का मारेगावात नवतप्यात (मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत) वखर हाकणाऱ्याला कतारमधल्या दोहाचं ऊन काय लागणार. व्हिसाबिसाचं एजंट सांगतेच, ते सोडतो.

आपली गर्मी कोरडी. कूलरच्या ताट्यांवर पाणी पडलं का खोली गार. इथं ऑगस्टात कूलर लावून पाय, नुसती वाफ. हे आखात म्हणजे परातीतलं पाणी हाय, सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर, अन् मोठ्या समुद्राकडं वाट एकच, होर्मुझची, म्हणून बाहेरचं पाणी आत-बाहेर व्हायला वेळ लागते, वर ढग नाही, तर पाणीच ३४-३५ डिग्रीपर्यंत तापते अन् त्याची सारी वाफ आपल्या डोक्यावर. घाम येते, वाळत नाही. ८ जुलै २००३ ला सौदीतल्या धहरानला दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागते तो, ३५ नोंदला होता, कातडीचं तापमानही जवळपास तेवढंच, मग घाम जाईल कुठं? शमाल, म्हणजे वायव्येकडून येणारा वारा, सुटला तर पारा चढते पण हवा कोरडी, गावासारखी वाटते. तो पडला का मेलो. उन्हाळ्यात दुपारी बाहेरच्या कामाला कायद्यानं बंदी हाय, पण दमटपणा रात्रीच जास्त. एसीतून निघालं का चष्म्यावर पाणी जमते. टाकीचं पाणी एवढं तापते का आम्ही गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी गार म्हणून घेतो.

एकटेपणाचं विचारलं, तर सवय होते. पोरीच्या शाळेचं मात्र अजून डोक्यात हाय. गावच्या टीसीवर माझ्या नावापुढं 'राव', पासपोर्टवर बिनरावाचं, तेवढ्यापायी तालुका, जिल्हा, मुंबई, पुन्हा तालुका, पोरगी अर्धं वर्ष घरी, अन् बाबू म्हणे नियम हाय. कोणाचा नियम बे?

अन् एक गोष्ट कोणाला सांगत नाही. आपल्याकडं मान्सूनमधे हवा वर जाते, पाऊस पाडते, अन् त्याच्याच परिणामानं पश्चिमेकडं इकडची हवा खाली उतरते, म्हणून इथं ढग धरत नाही, गर्मी आणखी वाढते. म्हणजे बाबा फोनवर सांगते का आज झड लागली, सोयाबीन निघालं, तवा इथं आभाळ कोरडंच रायणार. माहीत असून जुलैत बाल्कनीत जाऊन वर पायतोच मी, बायको हसते.

जूनची जॉइनिंग देत असतील तर नोव्हेंबर मागून पाय. अन् निघायच्या आधी पोरांच्या टीसीवरचं नाव पासपोर्टशी जुळवून घे.