पावसाळ्यात घाटरस्त्यावर बेडूक गाडीखाली येऊ नयेत म्हणून काय करावं?

मी सावंतवाडीचा. हा प्रश्न वाचला आणि एक रात्र डोळ्यांपुढे आली. आधी तीच सांगतो.

जूनचा पहिला मोठा पाऊस. बेळगावचं लग्न आटोपून परतत होतो, गाडी दादाच्या हातात. आंबोली जवळ आली तसा रस्ता बेडकांनी भरलेला. मी थांब म्हटलं, तर दादा म्हणाला, "खुळो की काय तू? बेब्यांसाठी कोण गाडी थांबवता?" चाकांखालचा तो आवाज अजून कानात आहे. पुढे चहाला थांबलो तेव्हा मी टॉर्च घेऊन मागे चालत गेलो. भेकाची, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाची, एक मादी चिरडलेली, पोटातली अंडी मोहरीसारखी डांबरावर सांडलेली. पाठीवरचा नर जिवंत होता, त्याने मिठी सोडली नव्हती. त्याला सोडवून गटारापलीकडे ठेवला.

दादाचं म्हणणं, "हजारांनी असतत, चार मेले तर काय?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. पहिल्या पावसात रस्त्यावर येतात ते वयात आलेले, अंडी घालायला निघालेले. मादी गेली की तिची सगळी अंडी गेली. आणि आंबोलीचा तो पिवळ्या पट्ट्यांचा छोटा भेक, शास्त्रात ज्याची नोंद २००९ साली झाली, तो आंबोलीच्याच परिसरातला. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, साचलेल्या उथळ पाण्यात त्याची वीण होते. तो इथून संपला तर दुसरीकडून आणणार कुठून?

आता तुमचं. वेग कमी करा, बाकी सगळं नंतर. भरधाव गाडी वरून गेली तर चाक न लागताही हवेच्या दाबाने बेडूक मरतो. जर्मनीत बेडूक अंडी घालायला निघतात त्या दिवसांत काही रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा लावतात, काही रात्री बंदच ठेवतात. आपल्याकडे निदान पाटी तरी लावा.

उचलायचा तर हात पावसाच्या पाण्याने ओला हवा. सॅनिटायझर किंवा डासांचं मलम लावलेला हात अजिबात नको, बेडकाची कातडी सगळं शोषून घेते. तोंड ज्या दिशेला असेल त्याच बाजूला सोडा, नाहीतर तो पुन्हा रस्त्यावर येतो. डब्यात भरून दुसऱ्या तळ्यात नेऊ नका. फोटोसाठी बेडूक पकडून दगडावर मांडणाऱ्यांचा तर मला संताप येतो. आणि गांडुळासारखं जाड, लांब काही वळवळताना दिसलं तर ते देवगांडूळ असू शकतं, बेडकांच्याच गोतातलं. सापाचं पिल्लू समजून लोक त्याला ठेचतात.

हो, एक राहिलं. वळणावर, धुक्यात गाडी थांबवू नका. मागून ट्रक येतात, एवढं दादाचं बरोबर होतं. रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या, पार्किंग लाइट लावा, मगच उतरा. त्यापेक्षा पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांच्या रात्री घाट उतरूच नका. दादा, तू वाचत असशील तर तुलाही सांगतो, त्या रात्री बेळगावात मावशीकडे राहता आलं असतं.