मार्क असताना परत परीक्षा कशाला?

"मॅडम, दहावीला ९१ टक्के आहेत, बारावीलाही पडतील. मग वकील व्हायला वेगळी परीक्षा कशाला?" दिवाळीच्या सुट्टीत लेकीला घेऊन आलेले हे वडील बीड जिल्ह्यातले शेतकरी. मुलगी गप्प. क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या, सराव पेपरात तिची दांडी उडाली होती, आणि "मला वकिली जमणारच नाही" हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

वडिलांचा प्रश्न बऱ्याच घरांत ऐकू येतो. पण राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई यांचे मार्क एका मापाने मोजता येत नाहीत. महाराष्ट्रात २०१६ पासून विधी प्रवेशासाठी सीईटी आली, ती मला तरी पटते. माझं भांडण आहे ते क्लॅटशी. तो पेपर फक्त इंग्रजीत: १२० मिनिटांत १२० प्रश्न, लांबलचक उतारे, चुकीच्या उत्तराला पाव मार्क वजा. यात कायद्याची समज किती आणि इंग्रजी वाचनाचा वेग किती, हे वेगळं काढणार कसं?

मी तिला एक प्रश्न मराठीत घातला. नियम असा: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं हे अतिक्रमण, नुकसान होवो न होवो. शेजाऱ्याची म्हैस हाकलत एकजण बांध ओलांडून त्याच्या रानात गेला. दोषी कोण?

"नियमाने तो माणूस," ती लगेच म्हणाली. मग थोडं थांबून, "पण मॅडम, म्हैस आधी ह्याच्या रानात आली होती ना? मग तिच्या मालकाला कुणीच विचारायचं नाही का?"

वडील हसले. तसलाच प्रश्न इंग्रजीत दिला, तर पहिल्या दोन ओळींतच ती अडकली.

मी त्यांना सांगितलं, राज्याची सीईटी मराठीतून देता येते, चुकीला मार्क कापत नाहीत. त्यातही इंग्रजीचा भाग असतो, तेव्हा रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचायचाच, सुटका नाही. पुढे वकिलीच्या सनदेसाठीची, म्हणजे परवान्यासाठीची, बार कौन्सिलची परीक्षासुद्धा मराठीतून देता येते. खुल्या प्रवर्गाला क्लॅटच्या फॉर्मचेच चार हजार रुपये लागतात. यंदा ते वाचवा.

तिला पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिसऱ्या फेरीत प्रवेश मिळाला. वडिलांचं मत मात्र जागचं हललेलं नाही. परवा फोनवर म्हणाले, "बारावीच्या मार्कांवर घेतलं असतं तर पहिल्याच फेरीत लागली असती."