लोकांना आपलं काम खरंच आवडतं, की सगळे पगारासाठीच राबतात?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चार वर्षं नोकरी करताय, पगार वेळेवर होतो, माणसं वाईट नाहीत, पण सकाळी उठून जावंसं वाटत नाही. आजूबाजूचे मात्र आपापल्या कामावर किती प्रेम आहे ते सांगत असतात. म्हणून तुम्ही विचारलंय की हे प्रेम खरं असतं, की सगळे पगारासाठीच जातात आणि वर आवडतं म्हणून सांगतात. शेवटी एक छोटी ओळ आहे, ‘की माझ्यातच काहीतरी कमी आहे?’ त्या ओळीमुळे उत्तर लिहायला बसले.

नाही. तुमच्यात काही कमी नाही.

मी लॅब टेक्निशियन आहे, रक्त-लघवीच्या तपासण्या करते. 21 वर्षं झाली. हे क्षेत्र आवडीनं निवडलेलं नाही. घरात लवकर पैसे यायला हवे होते, कोर्स छोटा होता आणि तो केला की नोकरी लागते असं सगळे सांगत होते. पहिली अडीच वर्षं मी निव्वळ पगारासाठी काम केलं. बल्बवर लेबल लाव (रक्ताच्या नळीला आम्ही बल्ब म्हणतो), मशीनला लाव, आकडे उतरव, पुढचा बल्ब घे. चुका करत नव्हते, पण जीवही ओतत नव्हते. घड्याळाकडे बघत दिवस काढायचे. पाट्या टाकणं म्हणतात ते हेच.

मग एका संध्याकाळी एका बाईंचं सॅम्पल आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन ठरलेलं. मशीननं प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) दाखवल्या 32,000. निरोगी माणसाच्या साधारण 1.5 लाखाच्या पुढे असतात. इतक्या कमी म्हटल्यावर कुठलाही सर्जन हात आखडता घेणार. मी रिपोर्ट सोडायच्या बेतात होते, तेवढ्यात आमच्या सीनियर मॅडमनी विचारलं, “स्लाइड बघितलीस?”

बघितली नव्हती. रक्ताचा थेंब काचेवर घेतला, दुसरी काच तिरकी धरून पसरवला. स्मिअर चांगला जमला की जिभेसारखा दिसतो, मुळाशी जाड, टोकाकडे विरळ होत गेलेला. लिशमन स्टेन, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणूनचा रंग, घातला, थांबले, बफर घातलं, पुन्हा थांबले, धुतली, वाळवली. मायक्रोस्कोपखाली मधला भाग बघितला तर प्लेटलेट्स खरंच तुरळक. मशीन बरोबर आहे असं मी म्हणणार, तोच मॅडम म्हणाल्या, “शेपटीकडे जा.” स्लाइड हळूहळू टोकाशी सरकवली आणि त्या सगळ्या तिथे होत्या. जांभळट, दाणेदार, दहा-दहा वीस-वीस एकमेकींना बिलगून बसलेल्या.

रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये ईडीटीए नावाचं रसायन असतं. अगदी मोजक्या लोकांच्या प्लेटलेट्स त्याच्या संपर्कात आल्या की एकमेकींना चिकटतात. शरीरात नाही, फक्त बल्बमध्ये. मशीन एकेक सुटी प्लेटलेट मोजतं, झुबका त्याला प्लेटलेट म्हणून कळतच नाही. मॅडमनी निळ्या टोपणाच्या, म्हणजे सायट्रेटच्या, बल्बमध्ये पुन्हा रक्त घ्यायला लावलं. आकडा आला 1,98,000. सायट्रेट द्रव असतं, त्यानं रक्त थोडं पातळ होतं, म्हणून आकड्याला 1.1 नं गुणायचं. 2,17,800. त्या बाईंना प्लेटलेट्सचा काही त्रासच नव्हता. मी रिपोर्ट सोडला असता तर त्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं असतं, आणि एका नसलेल्या आजाराच्या भीतीत त्यांचे कितीतरी दिवस गेले असते.

दुसऱ्या दिवशी मी वेळेच्या अर्धा तास आधी लॅबमध्ये पोचले. कुणी सांगितलं नव्हतं. मला स्लाइड्स बघायच्या होत्या.

हे इतकं सविस्तर सांगितलं, कारण आवड कशी येते ते मी याच्याहून चांगलं सांगू शकत नाही. ती आधी नव्हती. हात बसल्यावर आली, थोडं कळायला लागल्यावर आली, आणि कुणीतरी ‘शेपटीकडे जा’ म्हणणारं होतं म्हणून आली. शिवाय ती ‘करिअर’वर आलीच नाही. ती आली स्लाइडवर. बिलिंगच्या नोंदी मला आजही नकोशा वाटतात, रात्रपाळी कधीच आवडली नाही. मला काम आवडतं असं मी म्हणते तेव्हा दिवसातल्या दीड-दोन तासांबद्दल बोलत असते. तुमच्याभोवती प्रेमाच्या गोष्टी करणाऱ्या बऱ्याच जणांचंही असंच असेल. खोटं बोलत नसतील ते, पण पूर्णही सांगत नसतील.

पुढे मी नवीन मुलांना शिकवायला लागले. त्यांच्यातले काही जण महिन्याभरातच ‘मॅडम, हे माझं पॅशन नाही’ म्हणायचे, म्हणून या विषयावर बरंच वाचलं. 2018 मध्ये पॉल ओकीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आवड ही कुठेतरी तयार असते, फक्त शोधायची असते, असं मानणारे लोक विषय अवघड होऊ लागला की लवकर माघार घेतात, आणि आवड हळूहळू वाढवता येते असं मानणारे टिकून राहतात, असं त्यांना दिसलं. मला हे वाचून बरं वाटलं, कारण माझ्या अडीच वर्षांचं उत्तर त्यात होतं.

तुमच्या मूळ प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारा अभ्यास 1997 चा आहे. एमी रेझनेस्की आणि सहकाऱ्यांनी 196 नोकरदारांना विचारलं, तुम्ही कामाकडे कसं बघता? पोटापाण्याचं साधन म्हणून, वर चढायची शिडी म्हणून, की जे केल्याशिवाय चैन पडत नाही असं काही म्हणून? उत्तरं साधारण एकेक तृतीयांश अशी विभागली गेली. मला खरं आश्चर्य पुढच्या गोष्टीचं वाटतं. त्यांच्यात 24 जण एकाच प्रकारचं ऑफिस सहायकाचं काम करणारे होते, आणि त्यांच्यातही हीच विभागणी दिसली. म्हणजे फाइल्स त्याच, टेबलं तशीच, पण एकासाठी ती निव्वळ नोकरी आणि शेजारच्यासाठी जीव लावण्याची गोष्ट. तेव्हा ‘सगळे पगारासाठीच’ हेही खरं नाही आणि ‘सगळ्यांना आवडतं’ हेही नाही.

याहून जुनी एक पाहणी आहे, 1955 ची. नॅन्सी मोर्स आणि रॉबर्ट वाइस यांनी अमेरिकेतल्या 401 नोकरदार पुरुषांना विचारलं, आयुष्यभर पुरेल इतका पैसा वारसानं मिळाला तरी तुम्ही काम कराल का? 80 टक्के हो म्हणाले. पण कारण विचारल्यावर ‘काम आवडतं’ म्हणणारे थोडेच निघाले, ‘माणसानं काहीतरी करत राहावं’ म्हणणारे त्यांच्याहून कितीतरी जास्त. पगार आणि प्रेम यांच्यामधली ही जागा फार मोठी आहे. दिवसाला आकार हवा, कुणीतरी आपली वाट बघत असावं, रिकामं बसवत नाही, या सगळ्याला प्रेम म्हणता येणार नाही, पण नुसता पगारही नाही.

आता पगाराबद्दल, कारण इथे मला राहवत नाही.

माझी पहिली नोकरी ज्या लॅबमध्ये होती तिथे तीन वर्षं पगार वाढला नाही. मागायला गेले की उत्तर ठरलेलं: “हे सेवेचं काम आहे, पैशाकडे बघून करायचं नसतं.” स्लाइड्सची गोडी लागली होती, म्हणून मीही गप्प बसले. घरी मात्र महिनाअखेर ओढाताण व्हायची. नंतर कळलं की हे माझ्या एकटीचं नव्हतं. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफरी थॉम्पसन यांनी अमेरिका-कॅनडातल्या प्राणिसंग्रहालयांत प्राण्यांची निगा राखणाऱ्यांचा अभ्यास केला, तो 2009 मध्ये आला. बहुतेक शिकलेली माणसं, पगार तुटपुंजा, काम घाणीचं. ज्यांना आपण याचसाठी जन्मलो असं वाटत होतं त्यांना कामात अर्थही जास्त वाटत होता, आणि तेच कमी पगार आणि गैरसोय जास्त सोसायला तयार होते. आवडीचा असा फायदा उठवणं मला अन्याय वाटतो, आणि तो सगळ्यात जास्त चांगल्या माणसांवर होतो. मी ती लॅब सोडली. नव्या ठिकाणी पगार बरा होता, आणि स्लाइड्सवरचं प्रेम तसूभरही कमी झालं नाही. उलट डोक्यातली काळजी गेल्यावर जास्त नीट बघू लागले.

फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1959 मध्ये सुमारे 200 इंजिनिअर आणि हिशेबनिसांशी बोलून जे मांडलं ते मला याच्याशी जुळणारं वाटतं. समाधान कशानं मिळालं म्हटलं की लोक काम, जमलेली गोष्ट, कुणी केलेलं कौतुक यांबद्दल बोलत. चीड कशाची आली म्हटलं की वरिष्ठ, कंपनीचे नियम, पगार अशा गोष्टींवर येत. पुढे या मांडणीवर टीकाही झाली, पण माझा अनुभव तिच्याच बाजूचा आहे. पगारानं काम आवडायला लागत नाही, पण पगार अपुरा असला तर आवडणारं कामही नकोसं होऊ शकतं.

आणि फक्त पगारासाठी काम करणाऱ्यांना खालच्या पायरीवर बसवू नका, स्वतःलाही नाही. आमच्याकडे रक्त काढायला एक जण आहेत. सरळ सांगतात, मी इथे पगारासाठी येतो. पण तान्ह्या बाळाची शीर पूर्ण मजल्यावर त्यांच्यासारखी कुणाला सापडत नाही. बाळाचा हात आधी आपल्या तळव्यात धरून गरम करतात, घाई करत नाहीत, सुई एकदाच लावतात. पाळी संपली की निघतात आणि संध्याकाळी मुलांना पोहायला शिकवतात. त्यांचा जीव पाण्यात आहे. मला ते आयुष्य कुठेही अपुरं दिसत नाही.

तुमच्या बाबतीत मी एवढंच विचारीन. गेल्या महिन्याभरात कामाचा असा एखादा तुकडा होता का, जो करताना घड्याळाकडे लक्ष गेलं नाही? अगदी अर्ध्या तासाचा का असेना. असेल तर तोच जास्त मागून घ्या, त्यातलं जास्त येणाऱ्या माणसाजवळ बसा. चार वर्षांत एकही सापडत नसेल तर नोकरी बदलायचा विचार जरूर करा, पण आधी दुसरी हातात घेऊन मगच. आणि पगार ठीक असेल, माणसं बरी असतील आणि तुमचा जीव बाहेर कशात रमत असेल, तर काही बदलायलाच हवं असंही नाही.

तुम्ही नेमकं काय काम करता ते प्रश्नात नाही. लिहिलंत तर त्यातला कुठला भाग आधी बघावा हे सुचवता येईल.