जनुक गप्प केलं, तर वण बसेल?

प्रश्न : कान टोचल्यावर पाळीवर गाठ आली आणि ती वाढतच चालली आहे. जनुक बंद करून अशी गाठ घालवता येते, असं वाचलं. मग माझी जनुकं कायमची बदलतील का?

उत्तर : नाही. डीएनए जसाच्या तसा राहतो. पेशी जनुकावरून आरएनएची नक्कल काढते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनवते. जनुक बंद करणारं औषध फक्त ही नक्कल नष्ट करतं. जेमतेम २१ अक्षरांचा आरएनएचा दुपदरी तुकडा आत गेला, की पेशीतलीच यंत्रणा त्याच्याशी जुळणारी नक्कल हुडकून कापते. दुपदरी आरएनएने जनुक गप्प होतं, हे फायर आणि मेलो या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीत दाखवलं आणि २००६ चं नोबेल मिळवलं. औषधाचा अंमल उतरला की प्रथिन पुन्हा बनू लागतं, त्यामुळे डोस पुन्हा घ्यावा लागतो.

प्रश्न : वणात नेमकं काय बंद करायचं असतं?

उत्तर : जखम भरताना टीजीएफ-बीटा आणि सीटीजीएफ ही प्रथिनं फायब्रोब्लास्ट पेशींना कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) बनवायला लावतात. जखम भरली की हा जोर ओसरायला हवा. केलॉइडमध्ये, म्हणजे जखमेची हद्द ओलांडून वाढत जाणाऱ्या वणाच्या गाठीत, तो ओसरत नाही. म्हणून या दोघांवर निशाणा.

प्रश्न : मग याचं मलम का निघत नाही?

उत्तर : सगळं घोडं इथेच अडलं आहे. धडधाकट त्वचेतून साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) जड रेणू सहसा आत शिरत नाही. आरएनएचा हा तुकडा १३,००० डाल्टनच्या आसपास, वर ऋणभारित. पेशीचं आवरणही त्याला थारा देत नाही. शिवाय रक्तात आणि ऊतीत आरएनए फोडणारी विकरं टपलेलीच असतात. इंजेक्शनचा मार्ग आहे, पण केलॉइडला सुई टोचून पाहिलेल्यालाच त्याचा कडकपणा कळतो : दट्ट्या अंगठ्याने रेटूनही हलत नाही, आणि जोर वाढवला की औषध सुईच्या कडेने परत बाहेर येतं. म्हणून मला आशा वाटते ती सूक्ष्म सुयांच्या पट्टीची; केसाएवढ्या बारीक सुया त्वचेत विरघळतात आणि औषध तिथेच सुटतं. आरएनएने जनुक गप्प करण्याच्या तंत्राचं पहिलं औषध २०१८ मध्ये मंजूर झालं, पण ते एका आनुवंशिक मज्जातंतूविकारासाठी. वणांवर माणसांमधल्या चाचण्या झाल्या आहेत, मंजूर औषध अजून एकही नाही. कुणी आजच ‘जनुक उपचार’ म्हणून पैसे मागत असेल, तर तिथून उठा.

प्रश्न : तोवर गाठ कापून टाकू का?

उत्तर : नुसती कापू नका, कळकळीने सांगतो. कापणं म्हणजे नवी जखम, आणि केलॉइड बहुतेकदा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. कापायचाच असेल, तर पाठोपाठ स्टेरॉइडची इंजेक्शनं किंवा किरणोपचार ठरवूनच कापावा. लहान गाठीला आधी ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि सिलिकॉनची पट्टी देऊन बघतात. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दर आठवड्याला शेजारी मोजपट्टी ठेवून गाठीचा फोटो काढा. वण जखमेची हद्द ओलांडतोय की आतच उंचावलाय, हे त्यावरून कळेल. हद्दीतला वण पुष्कळदा आपणहून बसतो, केलॉइड क्वचितच.