लोकलने ऑफिसला जाते. रोजच्या वापरासाठी माझ्या स्टाइलला शोभेल अशी बॅग कशी निवडू?

रोज काय घालता, तिथून सुरुवात करा. कॉटनचे कुर्ते, हातमागाचे कपडे जास्त असतील तर कॅनव्हासची किंवा खणाची टोट, म्हणजे दोन बंदांची मोठी पिशवी, छान दिसते. शर्ट-ट्राउझर असेल तर ताठ आकाराची, एकरंगी बॅग घ्या. रंग कपड्यांपेक्षा चपलांशी जुळवा; रोजच्या चपला दोन-तीनच असतात. टॅन किंवा गडद तपकिरी जवळपास सगळ्यावर चालतो.

पण लोकल म्हटली की आकार जास्त महत्त्वाचा. गर्दीत बॅग पुढे छातीशी धरावी लागते, त्यामुळे लटकणारे गोंडे आणि लांब पट्टे नकोत, ते हमखास अडकतात. तळ रुंद हवा, म्हणजे डबा आडवा बसतो आणि आमटी सांडत नाही. लॅपटॉप सोबत नेऊन बॅगेत घालूनच बघा. लॅपटॉपवर लिहिलेलं १५.६ इंच हे स्क्रीनच्या कर्णाचं माप असतं; अशा लॅपटॉपची रुंदी साधारण ३६ सेंटिमीटर भरते.

स्वस्त पीयू लेदर, म्हणजे कृत्रिम चामडं, मी तरी सुचवणार नाही. मुंबईच्या दमट हवेत त्याचे पापुद्रे निघू लागतात आणि काळ्या कुर्त्याला चिकटतात. खऱ्या चामड्यासाठी धारावीत सायन-वांद्रे लिंक रोडवरची दुकानं जरूर बघा. मात्र चामड्याला पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा जून ते सप्टेंबर साधी नायलॉनची सॅक वापरा आणि चामड्याची बॅग कापडी पिशवीत, आत कागद भरून ठेवा.