लाचलुचपतीच्या खटल्यांत सरकारी वकील म्हणून करिअर कसं आहे?

तुम्ही विचारलंय, पैसा मिळतो का आणि शिरकाव कसा करायचा. पैसा बचावाच्या बाजूला आहे, तो विषय संपला. शिरकावाचं म्हणाल तर एमपीएससीतून आलेले सहायक अभियोक्ते सहसा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहतात. लाचेचे खटले विशेष न्यायाधीशांपुढे चालतात आणि तिथे सरकारी वकील व्हायला किमान ७ वर्षांची वकिली लागते. सीबीआयसाठी यूपीएससीची जाहिरात बघा.

माझा मामेभाऊ लाचखोरांचे बचाव घेतो. लग्नकार्यात भेटला की हमखास म्हणणार, "ताई, तुझं काय, एसीबी आयतं ताट वाढून देते!"

एसीबी म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. तर त्या आयत्या ताटाचा हा नमुना. फेरफार नोंदीसाठी तलाठ्याने पैसे मागितले. एसीबीच्या १०६४ या हेल्पलाइनवर फोन, पडताळणी, सापळा, सगळं चोख. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली तलाठ्याची बोटं आणि शर्टाचा खिसा नोटांना लावलेल्या अँथ्रासीन पावडरने निळसर चमकले. खटला उभा राहीपर्यंत वर्षं गेली. तक्रारदाराची नोंद केव्हाच झाली होती आणि त्याला राहायचं त्याच गावात. पिंजऱ्यात येऊन म्हणाला, "मी भाऊसाहेबांकडून हातउसने घेतले होते, तेच परत केले." फितूर घोषित करून मी उलटतपास सुरू केला. उसने कधी घेतले? आठवत नाही. किती? आठवत नाही. मग एसीबीला फोन कशाला केलात? "रागाच्या भरात."

उरला पंच क्रमांक एक, म्हणजे सापळ्यात तक्रारदारासोबत असलेला साक्षीदार, पाटबंधारे खात्यातला निवृत्तीला आलेला कारकून. बचावाने त्याला दुपारभर पिळला, एसीबीचा ठेवणीतला पंच ठरवून झालं. पण "'आणलेत का? मग आजच नोंद टाकतो' हे मी माझ्या कानांनी ऐकलं" यावरून माणूस तसूभर हलला नाही. शिक्षा लागली.

पुढे १५ डिसेंबर २०२२ ला नीरज दत्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या ५ न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही सांगितलं की तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी लाचेची मागणी इतर पुराव्यांवरून सिद्ध करता येते. निकाल मी मामेभावाला पाठवला. त्याने नुसता अंगठा पाठवला.

अर्थात मागणीच सिद्ध झाली नाही तर चमकणाऱ्या बोटांना काडीची किंमत नाही. आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ ची, म्हणजे लोकसेवकावर खटला भरायची, मंजुरी देणाऱ्या साहेबांना साक्षीआधी फाइल पुन्हा वाचायला लावा. "एसीबीच्या मसुद्यावर डोळे मिटून सही केलीत ना?" या एका प्रश्नावर साहेब गडबडतात. तेवढ्यावर सुटलेले आरोपी मी पाहिलेत, त्यातले काही मामेभावाचेच अशील.